दुचाकीला अलार्म बसवायचा तर आधी बॅटरी, मग वायर, शेवटी गल्ली

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत गाडी आत घ्यायला जागाच नसते. उंबऱ्याबाहेर कट्ट्याला लागून ती लावायची, हँडल लॉक टाकायचं आणि झोपायचं. खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या खेड्यांत अंगण मोठं असतं, पण त्याला गेट असेलच असं नाही. अशा ठिकाणी अलार्मचा खरा उपयोग होतो, कारण ऐकणारी माणसं हाकेच्या अंतरावर असतात. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये, मशीनच्या आवाजात, तोच अलार्म कितीही बोंबलला तरी कुणी मान वर करत नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत हजारो गाड्या लागलेल्या असतात, तिथंही तीच गत. तिथं अलार्मवर विसंबू नका, जाडजूड साखळी आणि डिस्क लॉक वापरा.

अलार्मचं काम माणसांना हाक मारण्याचं. तो विनाकारण हाका मारायला लागला, तर आठवड्याभरात गल्ली त्याच्याकडं लक्ष देईनाशी होते, आणि मग तो असला काय, नसला काय. म्हणून बसवतानाची सगळी मेहनत दोनच गोष्टींसाठी असते: गरज नसताना तो गप्प राहावा आणि गरजेच्या वेळी बॅटरी संपलेली नसावी. वायर जोडणं त्या मानानं सोपं आहे.

विकत घेताना

बॉक्समध्ये साधारण चार वस्तू असतात: काळ्या डबीचं मुख्य युनिट, सायरन, दोन रिमोट आणि वायरींचा जुडगा. दुकानात सायरन किती जोरात वाजतो ते सगळे बघतात. तुम्ही डबी उलटी करून बघा. वायरी जिथून बाहेर येतात तिथं राळ किंवा रबर भरून ती बंद केलेली असावी. नुसत्या झाकणाची, दोन स्क्रूंची डबी कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात एक पावसाळाही काढणार नाही.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते का? दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरसाठी दोन वेगळ्या वायरी आहेत का? रिमोटवर आवाज न करता लॉक करायची सोय आहे का? रात्री अकराला कामावरून आल्यावर रोज गल्लीत ‘टुं-टुं’ करत गाडी लॉक करणं बरं नव्हे.

पोलीस गाडीसारखा किंवा अ‍ॅम्ब्युलन्ससारखा सूर बदलणारा सायरन टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम सामान्य गाड्यांना बदलत्या सुरांचा हॉर्न लावायला मनाई करतो. हा नियम मुख्यतः हॉर्नचा आहे हे खरं, पण रस्त्यावर अडवलं गेल्यावर हॉर्न आणि सायरनमधला फरक समजावत बसायची हौस कुणाला असते? एकाच सुराचा घ्या.

गाडी नवी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी फोन करा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेक सगळ्यांना फ्युएल इंजेक्शन आणि त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, असतो. कंपनीची वायरिंग कापली तर इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारली जाऊ शकते. अशा गाडीला तुमच्या मॉडेलच्या कपलरमध्ये (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लगमध्ये) थेट बसणारा जुडगा मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर हे काम घरी करूच नका. तिच्यात 12 व्होल्टच्या वायरींच्या शेजारून मोठ्या बॅटरीच्या जाड वायरी गेलेल्या असतात, आणि बऱ्याच मॉडेलांना चोरीचा अलार्म कंपनीकडूनच येतो.

बॅटरीचा हिशेब

हा हिशेब कुणी करत नाही आणि महिन्याभरानं मेस्त्रीकडं जाऊन म्हणतं, “मेस्त्री, सेल्फ मारत नाही ओ.”

100 ते 125 सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण 3 ते 5 अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) असते. गाडी बंद असली तरी पहाऱ्यावरचा अलार्म थोडा थोडा करंट खात राहतो. समजा तो 5 मिलीअँपिअर (मिली म्हणजे हजारावा भाग) खातो. चोवीस तासांत 120 मिलीअँपिअर-अवर गेले. 4 अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी व्हायला सोळा-सतरा दिवस लागतील. रोज चालणाऱ्या गाडीला हे जाणवणारही नाही. पण एखादं स्वस्त युनिट 20 मिलीअँपिअर खात असेल तर तीच बॅटरी चार दिवसांत अर्धी. पुण्याला किंवा गोव्याला नोकरी आणि गाडी गावाकडं बापूंच्या अंगणात, असं असेल तर जाताना अलार्मचा फ्यूज काढून ठेवायचा आणि चाकाला साखळी लावायची.

बसवण्याआधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 च्या आसपास असेल तर ती निम्म्यावर आली आहे. मग गाडी चालू करा, रेस थोडी वाढवा. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आकडा यायला हवा. नाही आला तर चार्जिंगमध्येच खोट आहे, ती आधी काढा. किकवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत बॅटरी अर्धमेली झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो, कारण गाडी किकवर चालू होतच असते. अशा बॅटरीवर अलार्म लावला की दोष अलार्मला मिळतो.

वायर ओळखणं

हत्यारांत मल्टिमीटर, पाना-स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचं पक्कड, छोटं सोल्डरिंग आयर्न, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह आणि प्लास्टिकचे केबल टाय एवढं पुरे. गणपत गल्ली, खडेबाजारच्या बाजूला फिरलात तर हे सगळं मिळून जाईल.

आता खरं काम. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, ही पहिली गोष्ट. होंडाच्या आणि हिरोच्या बहुतेक गाड्यांत लाल वायर बॅटरीची, काळी चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची आणि हिरवी अर्थची, म्हणजे चेसिसला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी, असते. डाव्या इंडिकेटरची केशरी, उजव्याची आकाशी. अलार्मच्या जुडग्यातली काळी मात्र जवळजवळ नेहमी अर्थची असते. नवखा माणूस काळ्याला काळी जोडतो आणि फसतो. कधी अलार्म मुका राहतो, कधी फ्यूज उडतो, आणि माणूस म्हणतो युनिटच खराब निघालं. इतर कंपन्यांचे रंग वेगळे, त्यामुळं प्रत्येक वायर मीटरनं बघूनच जोडायची.

बघायचं असं: मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब संशयित वायरीला लावा. चावी बंद असतानाही 12 व्होल्ट दाखवले तर ती कायमच्या करंटची. चावी चालू केल्यावरच दाखवले आणि बंद केल्यावर शून्यावर आले तर ती चावीनंतरची. हीच वायर अलार्मला ‘चावी लागली’ हे कळवते. ती शोधायला हेडलाइटच्या डोममध्ये वायरींच्या गुंत्यात हात घालायची गरज नाही. मागच्या ब्रेकचा स्विच साइड कव्हरच्या आसपास असतो. त्याच्या दोन वायरींपैकी एकीवर चावी चालू होताच करंट येतो, ब्रेक दाबा अथवा न दाबा. अलार्मला इथून फक्त खूण हवी असते, जास्त करंट तो ओढत नाही, म्हणून ही जागा सोयीची.

जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला मॅग्नेटोचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाचा) एसी करंट थेट जातो. त्या वायरीवरून काहीही घ्यायचं नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नका. त्याचा बल्ब जो करंट ओढतो तो सेन्सरच्या नाजूक वायरींना झेपत नाही. आणि ईसीयूकडं किंवा एबीएसकडं (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेकडं) जाणाऱ्या जुडग्याला तर हातच लावू नका.

इंडिकेटरच्या वायरी हँडलजवळ न घेता मागच्या बाजूला, सीटखाली टेललाइटच्या कपलरपाशी घ्या. तिथं डावी आणि उजवी वेगवेगळी सापडते आणि जोडायला जागाही असते. काहीजण अलार्मच्या एकाच वायरीला दोन्ही बाजू बांधून टाकतात. मग डावीकडं वळायचा सिग्नल दिला की चारही दिवे लुकलुकायला लागतात, आणि गोगटे सर्कलला मागच्या बसच्या ड्रायव्हरनं काय समजायचं? युनिटला इंडिकेटरची एकच वायर असेल तर प्रत्येक बाजूला एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) घाला, त्याच्यावरची पट्टी गाडीच्या वायरीकडं करून. प्रत्येक बाजूला 10 वॅटचे दोन बल्ब धरले तर करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास जातो. म्हणून नेहमीचा 1 अँपिअरचा 1एन4007 डायोड चालणार नाही, 3 अँपिअरचा 1एन5408 घ्या.

जोडणी आणि जागा

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, शेवटी तीच परत लावा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना चुकून चेसिसला टेकला, तर ठिणग्या उडतात आणि पानाही जळतो.

जोडण्याआधी युनिट कुठं बसणार ते ठरवा. सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत, सायलेन्सर आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब. ते चेसिसच्या लोखंडावर घट्ट बसवायचं, कारण धक्क्याचा सेन्सर बहुतेक वेळा त्याच डबीत असतो. प्लास्टिकच्या कव्हरवर चिकटवलंत तर ते कव्हर थरथरलं की अलार्म वाजेल, आणि चोरानं चाक हलवलं तरी कदाचित वाजणार नाही. जाड फोमची डबल टेप नको. पातळ टेप लावा आणि वरून दोन केबल टाय आवळा. डबीचं वायरीचं तोंड खाली असू द्या. वायरी डबीतून निघून थोड्या खाली जाव्यात आणि मग वळून वर याव्यात. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळतं. तो खालचा बाक असला की पाणी तिथून ठिबकून जातं, डबीत शिरत नाही.

सायरनचं तोंडही खालीच. आणि तो असा लपवायचा की कव्हर न काढता हात पोहोचता कामा नये. बाहेरून दिसणाऱ्या सायरनची वायर ओढून तोडायला चोराला क्षणभरही लागत नाही.

अर्थ हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. रंगावर नट आवळून अर्थ मिळत नाही. चेसिसवरचा बोल्ट काढा, खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, वायरीला गोल लग (टोकाला बसणारं भोकाचं कडं) लावून बोल्ट आवळा आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवा. त्याहून बरं म्हणजे वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. अलार्म कधी वाजतो, कधी वाजत नाही, रिमोटची रेंज मध्येच कमी होते, अशा तक्रारींत आधी अर्थ तपासा. बहुतेक वेळा तिथंच घोळ सापडतो.

पॉझिटिव्ह वायर बॅटरीपाशीच, वीतभर अंतराच्या आत, वेगळ्या फ्यूजमधून घ्या. माहितीपत्रकात लिहिला असेल तेवढाच फ्यूज घाला, साधारण 5 अँपिअरचा असतो. फ्यूज पुढं सायरनजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर घासून चेसिसला लागली तर तिचं रक्षण कोण करणार?

सांधा करताना गाडीची वायर कापू नका. वरचं आवरण सेंटीमीटरभर सोला, अलार्मची वायर तिच्यावर गुंडाळा, सोल्डर करा. अशा सांध्यावर स्लीव्ह सरकवता येत नाही, म्हणून तिथं चांगल्या प्रतीची टेप ताणून गुंडाळा आणि दोन्ही टोकांना टाय लावा. जिथं वायरीचं टोक कपलरमधून काढता येतं, तिथं मात्र स्लीव्हच घाला. दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप झटपट बसतात, पण आमच्याकडच्या पावसात वर्षभरात आतलं तांबं हिरवं पडतं.

वायरी नेताना चेन, मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर, सीटची बिजागरी यांच्यापासून लांब ठेवा. पुढं हँडलपर्यंत काही न्यायचं असेल तर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जात असेल तर ढील द्या. कव्हर लावण्याआधी सीट दाबूनही बघा, खाली काही चिमटत नाही ना.

इंजिन बंद करणारी वायर

जुडग्यात एक-दोन जास्तीच्या वायरी असतात. एक इंजिन बंद करण्यासाठी, दुसरी रिमोटनं इंजिन चालू करण्यासाठी. दुकानदार हेच आधी कौतुकानं दाखवतो. माझं मत स्पष्ट आहे: नवख्यानं दोन्ही जोडू नयेत. टोकं टेपनं बंद करून बांधून ठेवा.

रिमोटनं चालू करण्यात धोका असा की गाडी गिअरमध्ये असेल तर सेल्फ मारताच ती उडी घेते. समोर कट्ट्यावर पोर खेळत असेल तर? इंजिन बंद करणारी वायर इग्निशनच्या करंटमध्ये येते. युनिटमध्ये पाणी गेलं किंवा त्यातला रिले (करंटनं उघडझाप होणारा स्विच) अडकला तर गाडी चालता चालता बंद पडू शकते, आणि चोर्ला घाटाच्या वळणावर, मागं ट्रक असताना ती बंद पडावी असं कुणाला वाटेल? जोडायचीच असेल तर इलेक्ट्रिकचं काम जाणणाऱ्या मेस्त्रीकडून जोडून घ्या आणि त्याला दोन प्रश्न विचारा: युनिट खराब झालं तर गाडी चालू राहील की बंद पडेल? आणि चालत्या गाडीत रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं तर काय होईल? याचं उत्तर त्याला चटकन देता आलं नाही, तर वायर तशीच बांधलेली राहू द्या.

गल्लीत जुळवणी

सगळं जोडून झालं, बॅटरी लावली, अलार्म वाजला, दिवे लुकलुकले. इथं बहुतेकांचं काम संपतं. पण आता संवेदनशीलता ठरवायची आहे, आणि ती गाडी जिथं रोज रात्री उभी राहते तिथंच ठरवायची.

सर्वांत कमी पातळीपासून सुरुवात करा. सीटवर तळहातानं थाप मारा. वाजता कामा नये. गाडी साइड स्टँडवरून उचला. वाजलाच पाहिजे. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची. मग थोडा वेळ उभं राहून रस्त्याकडं बघा. बसच्या रस्त्यावर घर असेल तर बस जाऊ द्या. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं उसाचा हंगाम असेल तर दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, मोठ्यानं टेप लावलेला, जाऊ द्या. तेवढ्यानं अलार्म जागा होत असेल तर एक पायरी खाली या. मांजर सीटवर उडी मारते, ते पण गृहीत धरा. वळवाचा गडगडाट घरात बसून तपासता येत नाही, पण पहिल्या वळवाच्या रात्री तो वाजला तर दुसऱ्या दिवशी पातळी कमी करा. शेजारच्या काकू सकाळी पाण्याला आल्या की सांगतीलच, “अरे, तुझी गाडी रात्रभर बोंबलत होती बघ, बंद कर की तेवढी.” चिडू नका. त्या आज ऐकतात म्हणूनच उद्या चोर आल्यावर खिडकी उघडतील.

काही युनिटांत दोन टप्पे असतात: हलका धक्का बसला तर दोन-तीनदाच टुकटुक, मोठा बसला तर पूर्ण सायरन. मिळालं तर हेच घ्या. सायरन किती वेळ वाजायचा तेही काहींत बदलता येतं. अर्ध्या मिनिटानं थांबून परत पहाऱ्यावर बसणारा अलार्म गल्लीला सोसतो. रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रात्रीची धरली आहे, आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा 45 डेसिबलची आहे. वरचेवर उगाच वाजणारा सायरन ही नुसती शेजाऱ्यांच्या कपाळावरची आठी नाही, तक्रारीचं कारणही होऊ शकतं.

शेवटी पहाऱ्यावरचा अलार्म किती करंट खातो ते मोजा. मीटर 10 अँपिअरच्या जागेवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मीटर जोडा, अलार्म लॉक करा आणि थोडं थांबा. या अवस्थेत चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा 0.01 च्या खाली असेल तर ठीक. 0.02 किंवा जास्त असेल तर एखादी वायर चुकीच्या जागी गेली आहे किंवा युनिट खादाड आहे.

एक रिमोट खिशात, दुसरा घरात कपाटात. गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचा नाही. गाडीच्या दुसऱ्या चावीचंही तेच. चोरीच्या क्लेमच्या वेळी विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. चेसिस आणि इंजिन नंबरचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. आपला भाग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा आहे. निपाणीहून कागल किंवा बेळगावहून शिनोळी काही लांब नाही, केए-22 किंवा केए-23 ची गाडी तासाभरात दुसऱ्या राज्यात दिसू शकते. गाडी गेलीच तर आधी 112 वर फोन करा. तक्रार कुठल्या हद्दीत द्यायची याचा घोळ घालत बसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाप्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. कोल्हापूरला बाजारासाठी गेला असताना गाडी गेली म्हणून रिकाम्या हातानं बेळगावला परतायची गरज नाही.

पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर एकदा सीट उघडा. डबीखाली ओल आहे का, अर्थच्या बोल्टवर गंज चढलाय का, सोल्डरवरची टेप सुटली आहे का, एवढं बघा. गाडी धुताना प्रेशरचा पाइप साइड कव्हरच्या फटीत मारू नका, हे धुणाऱ्या पोरालाही सांगून ठेवा. रिमोटचा सेल मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन पावलांवर येईपर्यंत गाडी उत्तर देत नसेल तर सेल बदला.